मॅमोग्राफी करायची का आणि कधी? पहिल्यांदाच विचार करणाऱ्या पुणेकर बायकांसाठी

ऑक्टोबर लागला की पुण्यात स्तन तपासणीच्या सवलती सुरू होतात. सोसायटीच्या ग्रुपवर लॅबचं पोस्टर येतं, ऑफिसात आरोग्य तपासणीचं पॅकेज येतं आणि मार्चमध्ये महिला दिनाला तेच पुन्हा. पस्तिशीची सून, पंचावन्नची सासू आणि ऐंशीला टेकलेल्या आजी, तिघींच्या हातात एकच कूपन. पण या तिघींनी करायची गोष्ट एक नाही. एकीला मॅमोग्राफीचा (म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचा) फायदा स्पष्ट आहे, दुसरीला ती इतक्यात नकोच आणि तिसरीला कदाचित त्रासच जास्त. वयाप्रमाणे हा हिशोब कसा बदलतो ते एकदा समजून घेतलं की कूपन बघून घाबरावं लागत नाही आणि उगाच टाळावंही लागत नाही.

पायरी पहिली: तुम्हाला काही जाणवतंय का?

सगळ्यात आधी हे ठरवा, कारण बाकीचा लेख याच्यावर अवलंबून आहे. स्तनात किंवा काखेत गाठ लागते, स्तनाग्र नव्याने आत ओढलं गेलंय, त्यातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येतो, कातडीला संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडलेत, एका स्तनाचा आकार बदललाय, स्तनाग्रावरची खाज-खपली मलम लावूनही जात नाही, यातलं एकही असेल तर वय, आकडे, सवलत हे सगळं बाजूला ठेवा. तुम्हाला हवी आहे ती लक्षणाची तपासणी. ती विशीतही करायची आणि ऐंशीतही, याच आठवड्यात सर्जनकडे जाऊन.

तिचे तीन भाग असतात. डॉक्टर हाताने तपासतात, मग मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी (तरुण वयात आधी सोनोग्राफी) आणि गरज वाटली तर सुईने तुकडा काढून बायोप्सी. तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय ‘काही नाही’ असं कोणी म्हणू नये.

आपल्या घरांमध्ये दोन वाक्यं फार ऐकू येतात. ‘दुखत नाहीये ना, मग राहू दे’ हे एक. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही, त्यामुळे न दुखणं हे थांबायचं कारण होऊ शकत नाही. दुसरं, ‘गाठीला सुई लावली की पसरतं.’ हे खरं नाही. सुईच्या बायोप्सीने आजार पसरून आयुष्य कमी झालं असं दिसलेलं नाही. उलट बायोप्सी न करता थेट गाठ काढून टाकली तर पुढच्या उपचारांचं नियोजनच बिघडतं. या दोन वाक्यांपायी बायकांचे महिनोन्‌महिने जातात, आणि आपल्याकडे आजार वाढल्यावर हॉस्पिटलात पोचणाऱ्यांची संख्या मोठी आहे ती यामुळेही. भारतात २०२२ साली सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा अंदाज आहे. मृत्यूंचं हे प्रमाण श्रीमंत देशांपेक्षा खूप जास्त आहे, आणि उशीर हे त्याचं एक मोठं कारण.

बाळाला अंगावर पाजत असलात आणि गाठ लागली, तर ती बहुधा दुधाचीच असते. पण दोन आठवड्यांत विरली नाही तर दाखवा.

पुढच्या पायऱ्या काहीही त्रास नसलेल्या बाईसाठी आहेत.

पायरी दुसरी: घराण्याची चौकशी, दोन्हीकडची

आईला, बहिणीला किंवा मुलीला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर तुमचा धोका सरासरीपेक्षा जास्त आहे. एवढं बहुतेकींना माहीत असतं. सुटतं ते वडिलांकडचं. मावशीचं विचारलं जातं, आत्याचं नाही, कारण हा आजार आईकडून येतो अशी समजूत आहे. बीआरसीए १ आणि बीआरसीए २ या जनुकांमधला दोष वडिलांकडूनही तितकाच येऊ शकतो. आई किंवा वडील, ज्यांच्यात दोष असेल त्यांच्याकडून तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते.

म्हणून दिवाळीत किंवा लग्नकार्यात सगळे जमले की विचारून घ्या. कोणाला झाला, कितव्या वर्षी, एका बाजूला की दोन्ही? कोणाला अंडाशयाचा कॅन्सर होता का? घरातल्या पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला होता का? जुनी माणसं ‘छातीचा आजार’ किंवा ‘पोटाचा आजार’ एवढंच सांगतील, तरी खोदून विचारा. पन्नाशीच्या आत झालेला कॅन्सर, एकाच बाजूच्या दोघीतिघी, अंडाशयाचा कॅन्सर, पुरुषाचा स्तनाचा कॅन्सर यातलं काही निघालं तर जनुकीय समुपदेशकाकडे जा. वयाची जी कोष्टकं पुढे येतात ती तुमच्यासाठी नाहीत. ज्यांच्यात हा दोष सापडतो त्यांच्यात वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात सुमारे सत्तर इतकी मोठी असते. त्यांची तपासणी पंचविशी-तिशीतच, एमआरआयसह, दरवर्षी सुरू होते. लहानपणी किंवा तरुणपणी छातीवर रेडिएशनचे उपचार झाले असतील तरीही असंच वेगळं वेळापत्रक लागतं.

मात्र हेही लक्षात असू द्या: स्तनाचा कॅन्सर झालेल्या बहुतेक बायकांच्या घरात आधी कोणालाही तो नसतो. जनुकातून येणारे शंभरात पाच ते दहाच. ‘आमच्याकडे कोणाला नाही’ हे उत्तर दिलासा देतं, सूट देत नाही.

पायरी तिसरी: फायदा म्हणजे किती, आणि तोटा म्हणजे काय

इथे थोडं थांबू, कारण जाहिरातीत फक्त फायदा असतो.

ब्रिटनमध्ये एका स्वतंत्र तज्ज्ञ समितीने २०१२ साली सगळा पुरावा एकत्र तपासला. त्यांचा अंदाज असा: पन्नाशीच्या १०,००० बायकांना पुढची २० वर्षं तपासणीसाठी बोलावत राहिलं तर स्तनाच्या कॅन्सरने होणारे ४३ मृत्यू टळतात. आणि त्याच १०,००० मध्ये १२९ बायकांना असा कॅन्सर सापडतो ज्याने त्यांना हयातीत कधीच त्रास दिला नसता.

हा दुसरा आकडा पचायला जड जातो. काही गाठी इतक्या सावकाश वाढतात की बाई दुसऱ्याच कारणाने, म्हातारपणी जाते. काही तर दुधाच्या नळीच्या आतच राहतात. अडचण ही की मायक्रोस्कोपखाली बघून कोणती गाठ तशी आणि कोणती घातक, हे आज कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून सगळ्यांवर उपचार होतात. ऑपरेशन, रेडिएशन, गोळ्या. आणि गंमत नाही, खरी अडचण ही की यातल्या प्रत्येक बाईला मनापासून वाटतं, ‘वेळेवर सापडला म्हणून मी वाचले.’ तिच्यापुरतं ते खरं आहे की नाही, हे तिला किंवा डॉक्टरांना कधीच कळत नाही.

मग तपासणी करूच नये का? माझं मत तसं नाही. ४३ घरांमधली आई वाचते ही फार मोठी गोष्ट आहे. फक्त होकार देताना दोन्ही आकडे डोळ्यांसमोर हवेत.

हे आकडे ब्रिटनचे आहेत. तिथे हा आजार आपल्यापेक्षा जास्त प्रमाणात होतो. भारतातल्या कर्करोग नोंदणीनुसार ७४ वर्षांपर्यंत दर २९ बायकांपैकी एकीला तो होण्याची शक्यता आहे. अमेरिकेत आयुष्यभराचा हिशोब दर आठांत एक असा आहे. आजारच कमी असेल तर तेवढ्याच तपासणीतून वाचणारे जीवही कमी.

दुसरा तोटा सगळ्यात जास्त जणींच्या वाट्याला येतो: खोटी घंटा. अमेरिकेत एका फेरीत शंभरातल्या सुमारे दहा जणींना ‘आणखी फिल्म काढू’ म्हणून परत बोलावतात आणि त्या दहांतल्या एकीलाही कॅन्सर निघेलच असं नाही. मधले आठ-पंधरा दिवस मात्र झोप उडालेली असते, खर्च होतो, कधी बायोप्सीही होते.

तिसरा, खोटा दिलासा. मॅमोग्राफीत काही कॅन्सर दिसतच नाहीत, विशेषतः स्तन घट्ट असतील तर. ग्रंथींचा भाग फिल्मवर पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच. तरुण वयात स्तन घट्ट असतात, म्हणूनच मशीन तेच असूनही वयाप्रमाणे तिचा उपयोग बदलतो.

रेडिएशनची भीती मात्र बाजूला ठेवायला हरकत नाही. एका मॅमोग्राफीत मिळणारं रेडिएशन हे आपल्याला निसर्गातून साधारण सात आठवड्यांत असंही मिळतं तेवढं असतं.

पायरी चौथी: आपलं वय शोधा

*तिशीच्या आत.* धोका सरासरीचा असेल तर काहीच नको. स्वतःचं शरीर ओळखीचं असू द्या, एवढंच.

*३० ते ३९.* मॅमोग्राफी नको. ‘अर्ली डिटेक्शन’च्या नावाखाली पॅकेजमध्ये घातलेली असली तरी नको. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्याप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याकडून हाताने स्तन तपासणी व्हायला हवी. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा गावाकडच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात ती विनामूल्य मागता येते. त्याच भेटीत गर्भाशयमुखाची तपासणीही करून घ्या. तिशी-चाळिशीत तिचा फायदा मोठा आहे आणि तीच राहून जाते.

*४० ते ४९.* इथे जगभर एकमत नाही, आणि ते का नाही हे कळलं तर निर्णय सोपा होतो. ब्रिटनमध्ये चाळिशीत दरवर्षी मॅमोग्राफी करून पाहिलेल्या मोठ्या अभ्यासात सुमारे १,००० बायकांची तपासणी केल्यावर एक मृत्यू टळला असं दिसलं. म्हणजे फायदा आहे, पण छोटा. त्याच वयात खोट्या घंटा जास्त. ब्रिटन आजही पन्नाशीपासूनच बोलावतं. अमेरिकेच्या शिफारस समितीने २००९ आणि २०१६ मध्ये चाळिशीतल्या बाईने डॉक्टरांशी बोलून ठरवावं असं म्हटलं होतं. २०२४ मध्ये तिने मत बदललं आणि ४० ते ७४ दर दोन वर्षांनी सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये, जिथे साधनं तुटपुंजी आहेत तिथे ४० ते ४९ साठी मॅमोग्राफीचा सार्वत्रिक कार्यक्रम नको असं सांगितलं.

‘आपल्याकडे कमी वयात होतो हो’ हे तुम्ही ऐकलं असेल. भारतातल्या रुग्णांचं सरासरी वय पाश्चात्त्य देशांपेक्षा जवळपास दहा वर्षांनी कमी आहे, हे खरं. पण त्याचं एक कारण आपल्याकडे तरुण बायकाच संख्येने जास्त आहेत हे आहे. एकेका बाईपुरतं बघितलं तर वय वाढतं तसा धोका वाढतोच.

मग चाळिशीतल्या बाईने काय करावं? जवळच्या नात्यात कोणाला असेल तर सुरू करा. नसेल तर स्वतःला विचारा: परत बोलावलं, बायोप्सी सांगितली, आणि काही निघालं नाही, तर ‘बरं झालं बघून घेतलं’ असं वाटेल की वर्षभर धास्ती राहील? पहिलं वाटणार असेल तर दोन वर्षांतून एकदा करा. दुसरं वाटणार असेल तर वर्षातून एकदा डॉक्टरांकडून हाताने तपासून घ्या आणि पन्नाशीला मॅमोग्राफी सुरू करा. दोन्ही निर्णय शहाणपणाचे आहेत.

*५० ते ६९.* फायद्याचं पारडं सगळ्यात जड या वयात. दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करा, असं मी बहिणीलाही सांगेन. ब्रिटनमध्ये ती ७१ पर्यंत दर तीन वर्षांनी होते, म्हणजे दरवर्षी करायलाच हवी असं नाही.

आणि ज्यांना मॅमोग्राफी परवडत नाही किंवा मशीन जवळ नाही, त्यांच्यासाठी आपल्या शेजारची गोष्ट आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक बायकांना घेऊन अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, फक्त हाताने स्तन तपासले. २०२१ मध्ये निकाल आला. कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडू लागले होते, आणि ५० वर्षांवरच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत फरक पडला नाही. महागडं मशीन नाही, रेडिएशन नाही, आपल्याच मराठी-हिंदी बोलणाऱ्या, धुणीभांडी करून संसार चालवणाऱ्या बायका. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचं वय पन्नाशीच्या पुढे असेल तर त्यांना दवाखान्यात जायला सुट्टी द्या, पगार न कापता.

*सत्तरीनंतर.* तपासणीचा फायदा लगेच मिळत नाही. १,००० बायकांमागे एक मृत्यू टळायला साधारण दहा वर्षं लागतात. त्रास मात्र पहिल्या दिवसापासून संभवतो. म्हणून आजी ठणठणीत असतील, रोज सारसबागेत फेऱ्या मारत असतील तर ७४ पर्यंत चालू ठेवा. हृदय, मूत्रपिंड यांचे मोठे आजार असतील तर ‘आई, तुझं सगळं चेकअप करून घेऊ’ म्हणत त्यांना मशीनपाशी नेऊ नका. गाठ जाणवली तर अर्थात लगेच दाखवायचं.

पायरी पाचवी: कुठे करायची

फोन करून चार गोष्टी विचारा. मॅमोग्राफी डिजिटल आहे का? स्त्री टेक्निशियन आहे का? गरज पडली तर त्याच दिवशी सोनोग्राफी होते का, तिचे पैसे वेगळे का? संशय आला तर बायोप्सी कुठे होईल? या चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर सवलत कितीही असू द्या, दुसरीकडे बघा. शिबिरातही हेच विचारा: रिपोर्ट कोण देणार, कधी, आणि पुढे कोणाकडे जायचं?

खाजगीत जाणं शक्य नसेल तर ससूनची सर्जरी ओपीडी, मंगळवार पेठेतलं कमला नेहरू रुग्णालय, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय यापैकी जवळचं गाठा. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, आणि आधार कार्ड, रेशनकार्ड बरोबर ठेवा. कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतात, त्यांना पहिल्याच दिवशी भेटा.

काय घेऊ नये तेही सांगते. त्रास नसताना रक्तातली सीए १५-३ चाचणी कॅन्सर शोधायला उपयोगाची नाही. उष्णतेचा कॅमेरा वापरून केलेली थर्मोग्राफी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही तसा इशारा दिलेला आहे.

पायरी सहावी: त्या दिवशी

पाळी अजून येत असेल तर ती संपल्यानंतरच्या आठवड्यात जा, तेव्हा स्तन कमी दुखरे असतात. त्या सकाळी काखेत किंवा छातीवर पावडर, डिओ, क्रीम लावू नका, फिल्मवर त्याचे ठिपके आजाराच्या खुणांसारखे दिसू शकतात. साडी-ब्लाउज किंवा कुर्ता-सलवार घाला, म्हणजे वरचंच काढावं लागतं. जुन्या फिल्म असतील तर न विसरता न्या. जुन्याशी ताडून बघता आलं की उगाचच्या परत बोलावण्या कमी होतात. प्रत्येक स्तनाच्या दोन फिल्म निघतात आणि दर वेळी काही सेकंद तो दोन पाट्यांमध्ये दाबतात. दुखतं, पण सोसवतं. फार दुखलं तर थांबवा म्हणून सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पायरी सातवी: रिपोर्ट वाचताना

खाली ‘बायरॅड्स’ असा, संशय किती आहे ते सांगणारा आकडा असतो. शून्य बघून काही जणी खूश होतात, काही घाबरतात. शून्य म्हणजे तपासणी अपुरी आहे, आणखी फिल्म किंवा सोनोग्राफी हवी. एक आणि दोन म्हणजे नॉर्मल. तीन म्हणजे कॅन्सरची शक्यता शंभरात दोनहून जास्त नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. तेव्हा खरंच जा. चार म्हणजे बायोप्सी हवी, पण चारमध्ये किरकोळ संशयापासून दाट संशयापर्यंत सगळं येतं, म्हणून ४ए, ४बी की ४सी ते विचारा. पाचमध्ये शक्यता ९५ टक्क्यांच्या वर असते. स्तन घट्ट असल्याचा शेरा असेल (सी किंवा डी) तर सोनोग्राफीची जोड हवी का, हे डॉक्टरांना विचारा. रिपोर्ट इंटरनेटवर टाकून रात्रभर वाचत बसू नका, दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन माणसाशी बोला.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात

शांघायमध्ये अडीच लाखांहून अधिक कामगार बायकांना घेऊन अभ्यास झाला, त्यातल्या निम्म्या जणींना दर महिन्याला स्वतःचे स्तन तपासायला शिकवलं. २००२ साली निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. म्हणून महिन्याची ठरलेली तारीख धरून, धडधडत्या छातीने आरशासमोर उभं राहायची सक्ती स्वतःवर करू नका. आंघोळ करताना, कपडे बदलताना आपलं नेहमीचं कसं असतं ते हाताला माहीत असू द्या, म्हणजे बदल झाला की कळेल.

आणि तो बदल कळला, तर मागच्याच महिन्यातला मॅमोग्राफीचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी पुन्हा जा. दोन तपासण्यांच्या मध्ये उगवणारे कॅन्सर असतात आणि ते बऱ्याचदा वेगाने वाढणारे असतात. डॉक्टर म्हणाले, ‘अहो, आत्ताच तर केली ना?’ तर सांगा, ‘हो, पण ही गाठ तेव्हा नव्हती. हाताने तपासून बघा.’